मुळासकट उचललेलं जंगल

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कारण अर्ध्या तासापूर्वी मी आईवर ओरडले. आणि कशावरून, तर कढीपत्त्यावरून!

आई गॅरेजसमोर वर्तमानपत्र पसरून बसली होती. कढीपत्ता जुन्या कुंडीत मावेना, म्हणून मोठ्या कुंडीत लावायचं चाललं होतं. सांता क्लारातल्या आमच्या घरात सगळ्यात लाडका मेंबर म्हणजे हा कढीपत्ता. थंडी पडली की त्याला आत घेतात, खिडकीपाशी ठेवतात, माझी काय तेवढी विचारपूस होत नाही. तर आईने कुंडी उपडी केली, मातीचा अख्खा गड्डा दोन्ही हातांवर घेतला, तान्ह्या बाळाला घेतात तसा, आणि मला म्हणाली, "धर गं जरा. मुळांची माती हलू देऊ नकोस."

आणि मी ओरडले. "झटक! आई, झटक ते आधी! आत काय आहे बघ तरी!"

ती इतकी दचकली की गड्डा पडता पडता वाचला. "अगं, साप आहे का त्यात?"

मी आत आले, डायनिंग टेबलवरचा पसारा बाजूला सारला आणि लिहायला बसले. अक्षर घाणेरडं येतंय, माफ करा. आपल्या मराठी मंडळाच्या अंकाला लेख दे म्हणून काकू लोक कधीपासून मागे लागल्यात, तर घ्या. सोमवारपासून माझा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू होतोय. एकदा तो सुरू झाला की मी हे कोणाला सांगणारच नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तर ऐका. गेली काही वर्षं मी लॉस एंजेलिसच्या खाली, समुद्रकाठच्या एका लॅबमध्ये काम करत होते. काम काय, तर समुद्रात जंगल लावायचं. खरंच! केल्प म्हणून एक शेवाळ असतं. शेवाळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हौदाच्या कडेचं हिरवं बुळबुळीत येईल, पण हे चार-पाच मजली बिल्डिंगएवढं उंच वाढतं. तळाच्या खडकाला धरून सरळ वर येतं, प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचं एक बोंड असतं, त्या बोंडांवर ते उभं राहतं. आणि वर पोचलं की पाण्यावर आडवं पसरतं, मांडव घातल्यासारखं. त्या मांडवाखाली पहिल्यांदा डाइव्ह केलं ना, तेव्हा खालून वर बघितलं, तर उजेड कोऱ्या चहाच्या रंगाचा. माशांच्या झुंडी खांबांमधून जावं तशा त्यातून जात होत्या. मी पाण्याखाली हसले आणि तोंडात खारट पाणी गेलं. तेव्हाच ठरवलं, हेच करायचं. डॉक्टर-बिक्टर नाही, हेच.

मंडळात मात्र नुसती चेष्टा. बाबांच्या ऑफिसातले एक काका दर गणपतीला विचारायचे, "काय गं, यंदा भातलावणी झाली का?" आणि काकू बाजूलाच, "गप बसा हो, ती गवत लावते." बाबा हसायचे, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मला दिसायच्या.

आमची जी जागा होती, एक छोटी खाडी, तिथे जंगल नव्हतंच. एकेकाळी होतं. माझी बॉस, एक पिकल्या केसांची, सडसडीत बाई, तिने तरुणपणी तिथे ते बघितलं होतं. पुढे शहराचं सांडपाणी आलं, पाणी कोमट झालं, मोठे मासे लोकांनी मारून नेले, आणि मग अर्चिन वाढले. अर्चिन म्हणजे लिंबाएवढे जांभळे काटेरी गोळे. खालच्या बाजूला तोंड, त्यात पाच दात. ते केल्प बुडातून कुरतडतात. बुडातून सुटलं की झाड वाहून गेलं. आणि सगळं खाऊन झाल्यावर मरावेत ना? नाही! उपाशी बसून राहतात, वर्षानुवर्षं, आतून रिकामे, आणि एखादा हिरवा कोंब दिसला की त्याच्यावर. खाली उतरलं की खडक, खडकावर काटे, आणि बाकी काहीच नाही. मासाही नाही. स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे ऐकत पोहायचं.

तर आधी अर्चिन मारायचे. कसे, तर हातोडीने. माझं उच्च शिक्षण म्हणजे पाण्याखाली हातोडी चालवणं. माझ्याबरोबर असायचा माझा डाइव्हिंगचा जोडीदार, एक ताडमाड माणूस; तो आधी शिंपले काढून विकायचा, ते शिंपले संपले म्हणून आमच्याकडे आला. तो मला 'डॉक्टर' म्हणायचा. "डॉक्टर, आज किती पेशंट?" म्हणायचा, आणि हातोडी खांद्यावर टाकायचा.

ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आले तर आईने माझी बोटं बघितली. काट्यांची टोकं आत मोडून राहिलेली, जांभळे डाग. ती चिमटा घेऊन बसली.

"रोज मारतेस?"

"रोज."

"हातोडीनं?"

"आई, ते जंगल खातात."

"मग त्यांनी काय खायचं?" तिने एक काटा ओढून काढला. मी 'आई गं' केलं.

त्याच सुट्टीत बाबांनी तो सौदा केला. त्यांनी आधी चहा संपवला, मग कप बाजूला ठेवला, म्हणजे सीरियस. "हे बघ, मी नाही म्हणत नाही. तुमची झाडं लावून होऊ दे. ती एक हिवाळा टिकली तर मी परत कॉम्प्युटरचं नाव काढणार नाही. तू आयुष्यभर समुद्रात राहा. नाही टिकली तर घरी यायचं आणि मी सांगेन ते शिकायचं."

"टिकली की नाही हे कोण ठरवणार?"

"मी. मी स्वतः येऊन बघणार."

"काय बाई," आई म्हणाली, "पोटच्या मुलीशी कोणी सौदे करतं का!"

मी लगेच हो म्हटलं, यार. विचारच केला नाही. माझा त्या जंगलावर इतका विश्वास होता.

आता लावायचं कसं, ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. केल्पला मुळं नसतात. मुळांसारखं दिसतं, जाड बोटांचा गुंता, पण ते अन्न घेत नाही, फक्त खडक धरून ठेवतं. त्याला होल्डफास्ट म्हणतात. आम्ही बोटीने दूरच्या एका चांगल्या जंगलात जायचो, तिथली तरुण झाडं होल्डफास्टसकट सोडवायचो, आणि आमच्या खाडीत आणून काँक्रीटच्या ठोकळ्यांना दोरीने बांधायचो. मग ते स्वतः नवी बोटं फोडतं आणि ठोकळा, खडक धरतं.

मी यायच्या आधी बॉसने ही झाडं झटकून, खरवडून, स्वच्छ करून लावली होती. ती सगळी मेली. झटकताना बारीक बोटं तुटतात, मग धरायला काही उरत नाही. म्हणून नंतर तिचा नियम झाला: होल्डफास्ट जसा आहे तसा उचलायचा. हलवायचा नाही, धुवायचा नाही. ओल्या पोत्यात गुंडाळायचा, सावलीत ठेवायचा, वरून समुद्राचं पाणी शिंपडत राहायचं. आत काय काय असायचं! बारके खेकडे, किडे, नखाएवढे तारामासे. अख्खी चाळ. चाळीसकट बिऱ्हाड हलवायचं. वरवर अर्चिनची पिल्लं दिसली तर तेवढी आम्ही चिमट्याने काढायचो, दिसली तेवढी.

मला हा नियम इतका आवडला होता! मी बॉसला सांगितलं, माझी आईही असंच करते, मातीच्या गड्ड्यासकट लावते, मुळांना कळूसुद्धा द्यायचं नाही की जागा बदलली. बॉस म्हणाली, "तुझ्या आईला घेऊन ये, तिला नोकरी देते." जोडीदार म्हणाला, "मग डॉक्टरची सुट्टी."

वसंतात आम्ही लावली. आणि ती लागली! केल्प रोज हातभर वाढतं, म्हणजे तुम्ही सकाळी बघितलं आणि संध्याकाळी बघितलं तर फरक कळतो. उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस बोट खाडीत शिरली आणि पाण्यावर तपकिरी डाग दिसला. जोडीदाराने इंजिन बंद केलं. झाडांचे शेंडे वर आले होते. बॉस बोटीच्या कडेवर वाकली आणि तिने हात घालून एक पान धरलं, आणि धरूनच ठेवलं, किती वेळ. मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "छान. आता हिवाळा."

हिवाळा आला. संक्रांतीच्या वीकेंडला बाबा येणार असं ठरलं होतं. त्याच्या आधी वादळ आलं.

ते कसं होतं ते मला नीट सांगताही येत नाही, कारण मी खोलीतच होते. बोट काढायचा प्रश्नच नव्हता. लाटा रस्त्यावर येत होत्या. काचा सारख्या थरथरत होत्या आणि मी पलंगावर बसून मनात एकेक गाठ आठवत होते. ही बांधली होती ना नीट? ती बांधली होती ना? कारण गाठी बहुतेक मीच बांधल्या होत्या. बाबांना 'कॅन्सल करा' म्हणायला रिसीव्हर उचलला. आणि ठेवून दिला. यायचंय तर येऊ दे, म्हटलं.

वादळ गेल्यावर किनाऱ्यावर गेले. सगळं जंगल तिथे होतं. कमरेएवढे ढीग, एकमेकांत गुंतलेले, खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन लागून वास सुटायला लागलेला, आयोडीन आणि कुजकं, दोन्ही एकदम. माश्या. त्या ढिगाऱ्यात पाय घातला की हवेची बोंडं पायाखाली फट फट फुटायची. हेच बोंड, यावर झाड उभं राहतं.

बॉस आणि जोडीदार आधीच आले होते. बॉस ढिगांमधून चालत होती, खाली बघत, काहीतरी हरवलंय आणि शोधतेय अशी.

आणि मग बाबा आले. रात्रभर ड्राइव्ह करून, ऑफिसचे बूट घातलेले, हातात आईने दिलेला स्टीलचा डबा. वाळूतून कसेबसे आमच्यापर्यंत पोचले. त्यांनी ढिगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि त्यांनी डबा उघडला आणि बॉसच्या पुढे धरला. "तिळगूळ," ते म्हणाले. मग मला मराठीत, "सांग ना तिला, गोड बोला म्हणून."

मी सांगितलं. बॉसने एक लाडू घेतला, आणि त्या वासात, त्या माश्यांत उभं राहून पूर्ण खाल्ला. थँक यू म्हणाली. जोडीदारानेही घेतला. मी माझा मुठीत धरून ठेवला.

मग बाबांनी विचारलं, "तुटलं कुठे?"

"सगळीकडे, बाबा. दिसत नाही का?"

"सगळीकडे एकदम काही तुटत नसतं. आधी कुठे तुटलं?"

बाबांचं कामच ते आहे. बिघडलेल्या कॉम्प्युटर चिप्स त्यांच्या टेबलावर येतात, ते मायक्रोस्कोपखाली उघडतात आणि पहिला बिघाड कुठे झाला ते शोधतात. घरात मिक्सर बंद पडला तरी हाच प्रश्न. मला त्या क्षणी इतका राग आला त्यांचा! माझं सगळं संपलंय आणि ते मिक्सर उघडतायत. पण ते उकिडवे बसले, एक झाड ओढून काढलं आणि त्याचं बूड वर केलं.

"हे आतून पोकळ असतं का?"

"नाही."

"हे पोकळ आहे."

होल्डफास्ट घंटेसारखा होता. वरून सगळं शाबूत, आत काहीच नाही. जोडीदाराने सुरी काढली आणि बाजूचा भाग चिरला. आत, बोटांच्या गुंत्यात, अर्चिन बसले होते. बोराएवढे. एकाला एक लागून, ओल्या जांभळ्या काट्यांचे. एकाने काटे हलवले.

दुसरा चिरला. त्यातही. तिसरा. बॉस वाळूत गुडघ्यांवर बसली आणि हातानेच फाडायला लागली, एकामागून एक, आणि प्रत्येक उघडला की फक्त 'हो' म्हणायची. हो. हो. हो.

मी म्हटलं, "पण आपण खडक साफ केला होता. हे आले कुठून?"

तिने एक अर्चिन तळहातावर घेतला. "एवढा व्हायला याला वर्षाहून जास्त लागतं," ती म्हणाली. "आपली झाडं इथे येऊन अजून वर्ष झालेलं नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. हे बाहेरून आले नव्हते. हे पोत्यांतून आले होते. आमच्या पोत्यांतून, ओल्या, सावलीतल्या, ज्यांच्यावर मी स्वतः पाणी शिंपडलं होतं. आत खोलवर होते, मिरीच्या दाण्याएवढे, चिमट्याला न दिसलेले. बाहेरच्या अर्चिनना आम्ही हातोडीने मारलं आणि आतल्यांना जपून, गुंडाळून, बोटीतून घरी आणलं. ते आत बसून खात राहिले, वर मांडव वाढत राहिला, आणि आम्ही वर बघून खूश. वादळाने फक्त धक्का दिला.

जोडीदार, ज्याला प्रत्येक गोष्टीवर जोक सुचायचा, तो उठून पाण्याकडे गेला आणि सुरी धूत बसला.

समुद्र शांत झाल्यावर आम्ही खाली उतरलो. बाबा म्हणाले, मी पण बोटीत येतो. आले, कडेला धरून बसले, पिवळेफटक पडले, उलटी झाली, पण परत चला म्हणाले नाहीत. खाली ठोकळे जिथल्या तिथे होते. दोऱ्याही होत्या. प्रत्येक दोरीच्या फासात होल्डफास्टचा एक चोथा आणि वर काही नाही. मी वर आले, मास्क काढला.

"गाठी?" बाबांनी विचारलं.

"गाठी शाबूत आहेत."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

तुम्ही म्हणाल, मग पुन्हा लावायचं! कळलं ना काय चुकलं, आता झटकून लावा. हो, पण झटकलं की मरतं. तेच तर. न झटकलेलं आतून खाल्लं जातं, झटकलेलं धरतच नाही. बॉस म्हणाली, मधला रस्ता शोधू, थोडं धुऊन बघू, किती धुतलं तर चालतं ते बघू. आम्ही त्यासाठी झाडं आणायला त्या दूरच्या जंगलाकडे गेलो. पण तोवर पाणी तापलं होतं. त्या वर्षी पाणी थंड झालंच नाही. जंगल उभं होतं, पण पानं फ्रिजमध्ये विसरलेल्या पालकासारखी झालेली, हात लावला की हातात लगदा. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तेही नव्हतं. आता आणायचं कुठून? बॉसने लॅबमधल्या टाक्या रिकाम्या केल्या. जोडीदार आता श्रीमंत लोकांच्या बोटींची बुडं घासतो. आमच्या खाडीत अर्चिन आहेत. आधी होते तसेच, उपाशी, बसलेले.

मला न्यायला बाबाच आले. त्यांनी सौद्याचा विषय काढला नाही, म्हणून मीच काढला. म्हटलं, ठरलं होतं ना, येते मी, शिकते. ते म्हणाले, "अगं, ते मी आपलं..." आणि थांबले. सामान ठेवायला मी ट्रंक उघडली, तर कोपऱ्यात एक पिशवी, आणि पिशवीत पाण्याखाली बघायचा मास्क. कोरा, लेबलही न काढलेला. बाबांना पोहता येत नाही.

"हे काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "मी स्वतः बघणार असं ठरलं होतं ना. वरून काय दिसलं असतं?" आणि ट्रंक बंद केली.

सांता क्लारा येईपर्यंत मी त्या मास्कचाच विचार करत होते. संक्रांतीच्या आधीच घेतला असणार त्यांनी तो. म्हणजे त्यांनी धरलंच होतं की जंगल असेल. सौदा हरायला आले होते ते.

आता आई आत आलीये, हात मातीने भरलेले, दारातच उभी आहे, कारण कार्पेट खराब होईल. म्हणतेय, "अगं, सांग ना एकदाचं. झटकू की नको? झटकलं तर बारीक मुळं तुटतात, मग हे जगायचं नाही. आणि तू म्हणतेस तसं आत काही असलं तर?"

मी एवढं शिकले, एवढ्या वेळा खाली उतरले, आणि मला सांगता येत नाहीये. खरंच सांगता येत नाहीये. कढीपत्ता बाहेर वर्तमानपत्रावर पडलाय, त्याची माती सुकत चाललीये, आणि ती माझ्याकडे बघत उभी आहे.

तुमच्यापैकी प्रत्येकाने काही ना काही इकडे आणलंय, ओल्या रुमालात गुंडाळून, सामानात लपवून, मुळांना धक्का न लावता. तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? इतकं जपून आणलं, आणि जे खाणार होतं तेही आपणच त्यातून आणलं? मग पुढच्या वेळी तुम्ही काय केलंत? झटकलंत का?